घोरपडीची लेक

मुलांनो, भर दुपारीही जिथे जमिनीवर ऊन पोहोचत नाही, अशा एका डोंगरातल्या जंगलात एक म्हातारी घोरपड राहत असे. ओढ्याकाठी बेहड्याचे एक उंच झाड होते, त्याच्या मुळाशी तिचे बीळ. ती पोट घासत बाहेर पडली की वरची किलबिल थांबे. घरट्यांतली अंडी आणि पिल्ले खाऊनच ती एवढी थोराड झाली होती, म्हणून पाखरे तिला चेटकीण म्हणत. तिच्याशी कोणी बोलत नसे. तिलाही कोणाशी बोलावेसे वाटत नसे. निदान तिची तशी समजूत होती.

त्याच बेहड्याच्या ढोलीत धनेशाचे जोडपे राहायला आले. धनेशाची मादी अंडी घालताना ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते आणि एवढीशी फट ठेवते. नर त्या फटीतून तिला फळे भरवतो. एके दिवशी नर फळे आणायला गेला, तो परतलाच नाही. मादीने पुष्कळ वाट पाहिली. शेवटी लिंपण फोडून ती त्याला शोधायला निघाली, आणि तीही परतली नाही. ढोलीत राहिले एक उघडेबोडके पिल्लू.

घोरपडीला वास लागला. ती सरसर खोडावर चढली आणि तिने ढोलीत तोंड घातले. पिल्लाचे डोळेसुद्धा उघडले नव्हते. चोच वासून ते म्हणाले, "आई, किती उशीर केलास गं!"

घोरपड थबकली. आजवर तिला पाहून सगळे ओरडले होते, पळाले होते. तिची वाट मात्र कोणी पाहिली नव्हती. ती तशीच खाली उतरली, उंबराखाली पडलेले पिकले फळ तोंडात धरून वर आली आणि तिने ते पिल्लाच्या चोचीत ठेवले. मग ओढ्याचा ओला चिखल आणून ढोलीचे तोंड पुन्हा लिंपून टाकले. फट ठेवली ती फक्त आपल्या नाकाएवढी.

त्या दिवसापासून ती त्या पिल्लाची आई झाली. जांभळे, उंबरे, करवंदे, जे मिळेल ते ती आणी. पावसाळ्यात वारा आत शिरू नये म्हणून फटीवर आपली मान टेकवून ती तासन्‌तास भिजत राही. तिला गाता येत नव्हते. तिच्या घशातून नुसता फुत्कार निघे, पण पिल्लाला त्या फुत्कारानेच झोप लागे.

पिल्लू मोठे झाले. ती मुलगी होती. तिला पिसे फुटली, चोच वाढली, आणि ढोली मात्र होती तेवढीच राहिली. एक दिवस ती म्हणाली, "आई, माझे पंख इथे दुमडून दुखतात. मला बाहेर येऊ दे ना."

घोरपड घाईघाईने म्हणाली, "नको गं, बाय. बाहेर गिळ्या आहे."

"गिळ्या कोण?"

असा कोणी नव्हताच. घोरपडीने तो त्या क्षणी रचला. "पोट घासत चालतो तो. अंगावर खवले, पायांना वाकडी नखं, जिभेला दोन टोकं. पाखरू दिसलं की गिळून टाकतो." राक्षस कसा असतो हे तिला कुठे माहीत होते! पाखरांच्या डोळ्यांत तिने स्वतःला जसे पाहिले होते, तसेच तिने सांगितले.

धनेशकन्या शहारली. तिला आपली आई ठाऊक होती ती फटीतून दिसणाऱ्या एका मायाळू डोळ्याएवढीच.

पुढे एक तांबट पक्षी त्या झाडावर येऊन बसू लागला. तो फटीशी येऊन म्हणे, "अगं, ओढ्यापलीकडे वड फळलाय. तुझ्या जातीचा थवा तिकडच्या दरीत आहे. अशी कोंडून काय बसलीस?" धनेशकन्येने हे आईला सांगितले. त्या दिवशी घोरपडीने लिंपणावर चिखलाचा आणखी एक थर चढवला. तो थर उन्हाने वाळून दगडासारखा झाला.

मग उन्हाळा आला आणि डोंगराच्या वरच्या अंगाला वणवा लागला. सुकलेला पाचोळा भराभर पेटत खाली आला. ससे, भेकरे, साळिंदरे ओढ्याकडे धावत सुटली. घोरपड आपल्या खोल बिळात सुखरूप राहिली असती. पण ती उलटी धुरातून झाडावर चढली आणि नखांनी लिंपण खरवडू लागली. तिनेच घातलेले ते दार फुटता फुटेना. एकेक नख तुटले, पंजे रक्ताळले, तेव्हा कुठे खपली पडली आणि ढोलीचे तोंड उघडले.

धनेशकन्येने प्रथमच पूर्ण घोरपड पाहिली. खवले, वाकडी नखे, दुभंगलेली जीभ. ती किंचाळली, "गिळ्या! आई, गिळ्या आला!" आणि ढोलीच्या तळाशी अंग चोरून बसली.

"बाय, मीच तुझी आई आहे."

"खोटं! तू गिळ्या आहेस!"

ज्वाळा शेजारच्या झाडाला भिडल्या होत्या. घोरपडीने ठरवले असते तर आणखी एक गोष्ट रचता आली असती, पण ती म्हणाली, "हो. गिळ्याचं ते रूप माझंच आहे. तुला खायलाच मी पहिल्यांदा इथे चढले होते. तू मला हाक मारलीस आणि मला तुझी माया लागली. गिळ्या बिळ्या कोणी नाही. तू उडून जाशील या भीतीने मी तुला खोटं सांगितलं."

धनेशकन्या आणखी आत सरकली.

"माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. स्वतःच्या डोळ्यांनी बघ, ही आग खरी आहे. पंख उघड आणि जा!" असे म्हणून ती ढोलीच्या तोंडापासून बाजूला सरकली.

धनेशकन्येने डोके बाहेर काढले. ओढ्यापलीकडून तांबट जिवाच्या आकांताने ओरडत होता, "इकडे! पाण्याकडे!" तिने उडी टाकली. आखडलेले पंख उघडेनात. फांद्यांवर आपटत ती खाली आली आणि अगदी जमिनीजवळ तिचे पंख एकदाचे पसरले. धडपडत ती ओढ्यापलीकडच्या खडकावर जाऊन पडली. घोरपडीने हे पाहिले, मगच खोड सोडले आणि ती बिळात शिरली.

आग विझली. धनेशकन्या खडकाखडकांवरून उडायला शिकली आणि मग एका सकाळी बिळापाशी आली. घोरपड उन्हात पडली होती. तिच्या पंजांना नखे नव्हती. आता तिला झाडावर चढता येणार नव्हते. धनेशकन्या उंच फांदीवरच बसली.

"माझ्या खऱ्या आईला तू खाल्लंस?"

"नाही. पण सापडली असती तर खाल्लं असतं."

धनेशकन्येने दरीकडे पाहिले. मग म्हणाली, "मी पलीकडच्या दरीत जातेय. थव्याकडे."

"जा. वाटेत ससाण्यापासून जप. तो खरोखर असतो."

"तुला नाही भीती वाटत, मी परत येणार नाही म्हणून?"

"वाटते," घोरपड म्हणाली. "तरी जा."

धनेशकन्या फांदीवरून खाली उतरली. आपली मोठी चोच तिने घोरपडीच्या खरबरीत मानेवर क्षणभर टेकवली, आणि पंखांचा मोठा आवाज करत ती दरीकडे उडाली. ती दिसेनाशी झाली तरी घोरपड मान वर करून पाहतच राहिली.

तात्पर्य : खोट्या भीतीने कोंडून ठेवलेले माणूस आपले होत नाही, आपल्या माणसाला खरे सांगावे आणि त्याच्या वाटेतून बाजूला व्हावे, यातच खरी माया आहे.