घर भांड्याने देणे आहे

आईशप्पथ, ही गोष्ट अगदी खरी आहे. म्हणजे विणकर खरा आहे. गाव थोडं इकडचं तिकडे झालं असेल, आणि म्हैस मागाहून घातली आहे. पण दाराबद्दल शंका घ्यायची नाही.

तर फार पूर्वी एका गावात एक बुटका विणकर राहायचा. बुटका म्हणजे किती? गावातली म्हैस त्याच्याशी डोळ्याला डोळा भिडवून बघायची, एवढा. त्याने घर बांधलं तेव्हा सुताराने विचारलं, "दार केवढं ठेवू?"

"माझ्याएवढं," विणकर म्हणाला. "घर माझंच आहे ना?"

पुढे त्याची मुलगी लग्न होऊन नदीपलीकडच्या गावी गेली. मग विणकराने आणि त्याच्या बायकोने ठरवलं, हे घर विकायचं आणि तिच्या शेजारीच जाऊन राहायचं. घर विकायला काढून तीन महिने झाले. तेवढ्यात मुलीला मुलगी झाली. बायको पुढे गेली आणि तिथून निरोप पाठवला: "बाराव्या दिवशी बारसं आहे. घराचं काय ते उरकून या. तुम्ही आला नाहीत, तर नाव माझी बहीण सुचवेल."

विणकराला घाम फुटला. कारण या मेहुणीने स्वतःच्या शेळीचं नाव चंद्रकला ठेवलं होतं, आणि पोटच्या मुलीचं धोंडी.

पण घर काही विकलं जाईना. गिऱ्हाईक यायचं, आत शिरताना धाड! बाहेर पडताना पुन्हा धाड! कपाळ चोळत म्हणायचं, "कळवतो." गावातल्या मिठाईवाल्याला तर एकाच दिवशी चार वेळा लागलं. येताना, जाताना, विसरलेली छत्री घ्यायला आत येताना, आणि छत्री घेऊन जाताना.

विणकर म्हणायचा, "इतकी वर्षं राहतोय, मला एकदाही लागलं नाही. लोकच उगाच उंच झालेत."

शेजारीण म्हणाली, "भाऊजी, विकत नाही तर भाड्याने द्या की."

"छे! माझ्या घरात परका माणूस?"

"मग विकल्यावर कोण राहणार होतं? तुमचा मावसभाऊ?"

विणकर उगाच सूत गुंडाळायला लागला.

"आणि विकत घेणारा जन्मभर डोकं आपटणार. भाडेकरू अकरा महिनेच आपटेल. तेवढं कोणीही सोसतं."

हे पटण्यासारखं होतं. आठव्या दिवशी विणकराने रंगाऱ्याकडून पाटी रंगवून घेतली: 'घर भाड्याने देणे आहे'. रंगारी हौशी होता. त्याला 'भाड्याने' हा शब्द बोडका वाटला, म्हणून त्याने 'भा'च्या डोक्यावर शोभेला एक टिंब दिलं. विणकराला वाचायला चष्मा लागायचा, आणि चष्मा बायकोबरोबर गेला होता.

पाटी लागली: 'घर भांड्याने देणे आहे'.

दुपारपर्यंत दारात चाळीस माणसं जमली. कोणी परात आणलेली, कोणी हंडा, कोणी बिनकानाची कढई.

"हे घ्या भांडं," पहिली बाई म्हणाली. "किल्ली कुठंय?"

"अहो, एका परातीत घर कुठं मिळतं?"

"पाटी तुमची, आम्ही थोडीच लिहिली!"

शेजारणीने पाटी वाचून दाखवली, तेव्हा कुठे विणकराला घोळ कळला. मग त्याने चाळीस वेळा टिंबाची हकीकत सांगितली. लोक हिरमुसले. म्हणाले, "आता एवढ्या उन्हात भांडी कोण वागवणार? आत ठेवा, संध्याकाळी नेऊ."

विणकर पडला भला माणूस. त्याने सात पातेली एकात एक घातली, डोक्यावर घेतली आणि रोजच्यासारखा घरात शिरला.

धडाम! टण्ण! टण, टण, टण, टण...

शेवटचं पातेलं गल्लीच्या टोकापर्यंत घरंगळत गेलं. विणकर उंबऱ्यावर बसकण मारून ओरडला, "कुणी बांधलं हे असलं दार?"

"तुम्हीच, भाऊजी," शेजारीण म्हणाली.

त्याने वर पाहिलं. इतक्या वर्षांत त्याला आपलं दार पहिल्यांदाच ठेंगणं दिसलं.

गर्दीच्या मागे एक लांबलचक कल्हईवाला उभा होता. पाटी वाचून त्याला वाटलं होतं, इथे भांड्यांचंच काहीतरी काम असेल. तो म्हणाला, "काका, मला जागा हवीच आहे. दार हातभर वर घ्या, मी भाड्याने राहतो. चौकट उचलायला मी हात लावतो."

"दिला शब्द," विणकर म्हणाला. त्याचं डोकं अजून वाजत होतं.

दोन दिवसांत सुताराने दार उंच केलं. ही बातमी ऐकून मिठाईवाला आला. हळूच आत गेला, हळूच बाहेर आला. खात्री करायला पुन्हा आत गेला.

"घेतलं!" तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल तो भाव. कागद पंधरा दिवसांत करू. फक्त त्या लांबड्याला नाही म्हणून सांगा."

बारसं परवावर आलं होतं. शेजारीण कानाशी कुजबुजली, "भाऊजी, तीन महिने याचीच तर वाट बघत होतात."

विणकराने डोकं खाजवलं. टेंगूळ हाताला लागलं.

"शेठ, भाव चांगला आहे," तो म्हणाला. "पण कागद होईपर्यंत माझ्या नातीचं नाव भलतंच होऊन बसेल. आणि दार याच्यामुळे उंच झालं, शब्दही यालाच दिलाय. तुम्ही अकरा महिन्यांनी या."

त्याने कल्हईवाल्याच्या हातात किल्ली ठेवली आणि नदीची वाट धरली.

बारशाला पोचला तेव्हा मेहुणी पाळण्यावर वाकून तोंड उघडतच होती. विणकर दारातून ओरडला, "थांबा!" क्षणभर सगळ्यांना वाटलं, हेच नाव. दोघी-तिघींनी पाळणा हलवून "थांबा, थांबा" म्हटलंसुद्धा. मग गोंधळ निस्तरला आणि नातीचं नाव रेवती ठेवलं.

इकडे अकरा महिने झाले. मिठाईवाला पेढे घेऊन हजर! पण कल्हईवाल्याने आदल्याच दिवशी आणखी अकरा महिन्यांची बोली करून घेतली होती. पुढच्या वेळीही तेच झालं. मिठाईवाला अजून वाट बघतो आहे. पेढे कल्हईवाला खातो.

तात्पर्य: आपल्याला लागत नाही म्हणून आपलं दार उंच आहे असं समजू नये, आणि ज्याने खोट तोंडावर सांगितली, त्याला दिलेला शब्द जास्त भाव आला म्हणून फिरवू नये.

चला, गोष्ट संपली. ऐकणाऱ्याने दोन कटिंग आणि एक प्लेट कांदाभजी, असा दर आहे. पाकीट घरी राहिलं वगैरे सांगू नका, खिसा फुगलेला दिसतोय.