काउंटचे गुडघे

इटलीतल्या एका गावी काउंट ओर्सेनिगो नावाचा भारी ताठ सरदार होता. त्यानं चर्चसाठी येशूजन्माचं चित्र काढून घेतलं. अशा चित्रात देणगीदारही बाळापुढे गुडघे टेकलेला दाखवायचा, ही तेव्हाची रीत. पण काउंट चित्र पाहताच कडाडला, "मी कुणापुढे वाकत नाही! मला उभा दाखव, नाहीतर हे जाळून टाकीन."

चित्रकार बेनेदेत्ताची वर्षभराची मेहनत पणाला लागली. पण कुंचला रंगात बुडवत ती अदबीनं म्हणाली, "जशी आज्ञा, सरकार. या गोठ्यात मेंढपाळ, बाळाच्या दर्शनाला आलेले तिन्ही राजे, खुद्द मरियामातासुद्धा गुडघ्यांवर आहे. उभे आहेत ते फक्त बैल आणि गाढव. आपल्याला कुणाशेजारी उभं करू?"

काउंटनं मिशी कुरवाळत चित्रातल्या बैलाकडे पाहिलं, मग गाढवाकडे.

"राहू दे," शेवटी तो पुटपुटला. "गुडघ्यांखाली गादी तेवढी मखमली काढ."