जंगल झाडणारा चितारी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आज आपण बोट दाबतो आणि समोरचं फूल, पाखरू, मांजर झटकन फोटोत येऊन बसतं. त्या काळी तसं नव्हतं. जे दिसेल ते आधी डोळ्यांत धरायचं आणि मग हातानं कागदावर उतरवायचं. कुणाच्या डोळ्यांत किती मावतं, यावर सगळा खेळ.

अशा त्या काळी एका राज्यात एक चितारी होता. राजवाड्याच्या भिंतींवर त्यानं काढलेले मोर होते, हत्ती होते, कमळं होती. त्याच्या दोन गोष्टी साऱ्या राज्याला ठाऊक होत्या.

पहिली ही, की स्वतःच्या डोळ्यांनी न पाहिलेलं तो कधी काढत नसे. राणीसाहेबांनी एकदा सिंहाचं चित्र मागितलं, तर हा गडी सांगून मोकळा झाला, "मी सिंह पाहिलेला नाही. मांजर हवं असेल तर काढून देतो." राणीसाहेब आठ दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. नंतर मात्र त्याच ही गोष्ट येईल त्याला कौतुकानं सांगू लागल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याची केरसुणी. जागा स्वच्छ तर रेघ स्वच्छ, असं त्याच्या गुरूनं त्याला लहानपणी शिकवलं होतं. तेव्हापासून जमीन झाडून, पांढरी चादर अंथरल्याशिवाय त्यानं कुंचल्याला हात लावला नव्हता. जाईल तिथे केरसुणी बरोबर. लोक हसायचे, पण मोठ्या माणसाच्या सवयीला कोण नावं ठेवणार?

त्या राज्याच्या पश्चिमेला एक जुनं रान होतं. एका उन्हाळ्यात प्रधानजी राजाला म्हणाले, "महाराज, ते रान तोडून तिथे हवेशीर महाल बांधू. नाही तरी तिथे आहे काय? नुसता पालापाचोळा!" प्रधानजी स्वतः त्या रानात एकदाही गेले नव्हते. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

ही बातमी रानातल्या वाडीवर पोचली आणि वाडीची माणसं राजवाड्याच्या दारात येऊन उभी राहिली. त्यांच्या पुढे होती एक काटक बाई. करवंदांची पाटी डोक्यावर घेऊन ती शहरात यायची, म्हणून सगळे तिला करवंदवालीच म्हणत.

ती हात जोडून म्हणाली, "म्हाराज, आमची पोटं त्या रानावर हायेत. आन पानपाखरू ऱ्हातंय तिथं. रान गेल्यावर त्यानं जावं कुठं?"

प्रधानजी हसले, पण राजा हसला नाही. त्याची आई त्याला लहानपणी या फुलपाखराबद्दल सांगायची. उडालं की निळंभोर, बसलं की नाहीसं. आई गेली आणि ती गोष्टही मागे पडली. आईनं सांगितलेलं खरं होतं की नुसतं झोपवण्यापुरतं, हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

राजानं चिताऱ्याला बोलावलं. "तू न पाहिलेलं काढत नाहीस. म्हणून तुलाच पाठवतो. आज चैत्री पौर्णिमा. वैशाखी पौर्णिमेला पानपाखराचं चित्र घेऊन ये. चित्र आलं तर रान राहील. नाही आलं, तर दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी चालतील."

चिताऱ्यानं रंग घेतले, कागद घेतले, पांढरी चादर घेतली आणि केरसुणी तर तो विसरणं शक्यच नव्हतं.

रानात ओढ्याचा एक डोह होता. उन्हाळ्यानं तो आटून परातीएवढा झाला होता. काठावर पिवळ्या घोसांनी लगडलेला बहावा आणि त्याच्या शेजारी फणसाचं मोठं झाड. चिताऱ्याला जागा पसंत पडली. इतकी फुलं आहेत तिथे फुलपाखरू येणारच, असं त्याला वाटलं. फक्त जमीन फार अस्वच्छ होती. वाळकी पानं, पिकून पडून सडलेले फणस, त्यांवर घोंघावणाऱ्या माशा. त्यानं नाकाला फडकं बांधलं, पाचोळा झाडून लांब ढकलला, सडके फणस ओढ्यापलीकडे भिरकावले आणि चादर अंथरून बसला.

पांढरी, पिवळी, पट्ट्यापट्ट्यांची फुलपाखरं आली, पाणी प्यायली, गेली. निळं काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी झाडावरून नवी पानं गळली होती, नवे फणस पडून फुटले होते. त्यानं पुन्हा झाडलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तुम्ही कधी रान झाडणारा माणूस पाहिलाय? वाडीतली पोरं झाडांआडून बघायची आणि तोंडावर हात दाबून हसायची.

चौथ्या दिवशी करवंदवाली पाण्याला आली. थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "दादा, एक सांगू का?"

"शूऽऽ! बाई, मध्ये बोलू नका. पाखरू उडून जाईल."

बाई कळशी भरून निघून गेली. दरबारातला माणूस, त्याला आपण काय शिकवणार, असं तिनं मनाशी म्हटलं.

दहाव्या दिवशी मात्र चमत्कार झाला. दुपारच्या उन्हात झाडांमधून एक निळी झळक आली, डोहावरून वळली आणि चिताऱ्यापासून चार हातांवर, झाडून ढकललेल्या पाचोळ्यात उतरली. तो उठला, धावला, वाकून बघू लागला. काहीच नाही! नुसती वाळकी पानं. इथेच कुठेतरी असणार, म्हणून त्यानं केरसुणी घेतली आणि तो ढीग भराभरा उपसायला सुरुवात केली. ढिगातून निळं काहीतरी भुर्रकन उठलं आणि रानात दिसेनासं झालं.

त्यानंतर तो जास्तच जोरानं झाडू लागला. एकही पान राहू दिलं नाही. पाचोळा नसला म्हणजे पाखराला लपायला जागा राहणार नाही, असा त्याचा हिशेब. पण पाखरू पुन्हा आलंच नाही.

दिवस सरले. अठ्ठाविसाव्या संध्याकाळी करवंदवाली पुन्हा डोहावर आली. चितारी कोरा कागद मांडीवर घेऊन बसला होता. डोळे लाल झाले होते, दाढी वाढली होती, केरसुणी झिजून निम्मी झाली होती.

बाईनं कळशी खाली ठेवली. "दादा, मला बोलू नका म्हनलात. आज बोलनारच. परवा पुनव. मी सांगते तसं काढा. वरनं निळं, मधी केशरी पट्टा. राजाला काय ठावं, तुमी बघून काढलं का ऐकून?"

चिताऱ्यानं कुंचला उचलला. निळ्या रंगात बुडवला. एक रेघ, आणि एवढं मोठं रान वाचलं असतं. पण त्यानं कुंचला तसाच खाली ठेवला.

"नाही, ताई. राजानं मला पाठवलं ते माझ्या बोटांसाठी नाही, डोळ्यांसाठी. एकदा खोटं काढलं, की उद्या खरं काढलेलंही कुणी मानणार नाही."

बाईचा आवाज चढला. "तुमच्या खऱ्यापायी आमचं घर जाईल! माझी सून पोटुशी हाय. तिचं बाळ कोन्च्या सावलीला निजवायचं?"

चिताऱ्याला स्वतःची लाज वाटली. महिनाभर हा इथे बसला होता आणि जी जन्मभर या रानात राहिली, तिला यानं साधं विचारलंही नव्हतं. तो हळूच म्हणाला, "ताई, तुम्हाला ते पाखरू दिसतं तरी कुठे?"

"कुठं म्हंजे?" बाई चकित झाली. "सडक्या फनसावर! ते कुठं फुलावर बसतंय? सडका फनस चाखायचा आन वाळक्या पानांत पान होऊन बसायचं, ही त्याची रीत. रोज तुमी तेच तर झाडून टाकता!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! चितारी कपाळावर हात मारून बसला. "मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"तुमी शूऽऽ म्हनलात. आमाला वाटलं, दरबारी मानसांचा काही विधी असंल झाडायचा."

चिताऱ्याला आधी हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी आलं. त्यानं आपली केरसुणी तिच्या हातात दिली.

एकोणतिसाव्या दिवशी त्यानं काहीही झाडलं नाही. चादरही घडी करून ठेवली. पाचोळ्यातच मांडी घातली. समोर फुटलेला फणस, त्याचा आंबूस वास, माशा, मुंग्या. गुरुजी असते तर त्यांनी कान धरला असता. सकाळ गेली. ऊन डोक्यावर आलं. मुंग्या चावल्या तरी तो हलला नाही.

भर दुपारी ती निळी झळक पुन्हा आली आणि फणसाजवळ उतरून नाहीशी झाली. या वेळी चितारी धावला नाही. तो नुसता बघत राहिला. एक पान, दुसरं पान, तिसरं पान. सगळी तपकिरी, सगळ्यांना मधोमध शीर. मग चौथं पान हळूच दोन पावलं चाललं.

चिताऱ्यानं श्वास रोखला. पानाला देठ होता, बुरशीचे ठिपके होते, आणि दोन बारीक मिशा होत्या. संध्याकाळपर्यंत ते पान फणस चाखत बसलं आणि संध्याकाळपर्यंत चितारी ते, भोवतालच्या वाळक्या पानांसकट, काढत बसला. पंख पाखरानं बसल्याजागी एकदाही उघडले नाहीत. निळा रंग दिसला तो फक्त उडताना, आणि डोळ्यांत मावण्याआधीच गेला. म्हणून चिताऱ्यानं निळ्याला हातच लावला नाही.

करवंदवालीनं चित्र पाहिलं. "अगदी तस्संच!" ती म्हणाली, आणि लगेच तिचा चेहरा उतरला. "पर दादा, राजाला दिसंल का?"

"माहीत नाही, ताई. पण जे आहे ते हेच आहे."

पौर्णिमेला दरबार भरला. एका बाजूला वाडीची माणसं उभी, दुसऱ्या बाजूला कुऱ्हाडी घेतलेले मजूर. चिताऱ्यानं चित्र राजासमोर ठेवलं. प्रधानजी वाकून बघू लागले आणि खो खो हसले. "महाराज, मी म्हटलं नव्हतं? नुसता पालापाचोळा!"

राजाच्या कपाळावर आठी चढली. "चिताऱ्या, आम्ही पाखरू मागितलं होतं. हा कचरा काय आणलास?"

"महाराज, मीही याला कचराच म्हणत होतो आणि महिनाभर याच पाखराला झाडून टाकत होतो. तुम्ही थोडा वेळ बसून बघा. नंतर जी द्याल ती शिक्षा घेईन."

राजा सिंहासनावरून उतरला आणि चित्रापुढे जमिनीवर बसला. करवंदवालीनं पदराचं टोक मुठीत आवळून धरलं होतं. राजा बघत राहिला. एक पान, दुसरं पान, तिसरं पान.

आणि एकदम लहान पोरासारखा ओरडला, "अरे! या पानाला मिशा आहेत!"

सगळा दरबार चित्रावर वाकला. राजाला मात्र आता काही ऐकू येत नव्हतं. बसलं की नाहीसं, असं आई म्हणायची. ती खरंच सांगत होती. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्यानं कुणापासून लपवले नाहीत.

मग तो उठला. "एका कागदात आम्हाला एवढं दिसलं नाही. त्या अख्ख्या रानात काय काय असेल? न बघताच आम्ही ते तोडायला निघालो होतो. कुऱ्हाडी परत न्या. आणि प्रधानजी, उद्यापासून एक महिना तुम्ही त्या डोहाकाठी बसायचं. काय काय दिसलं ते येऊन सांगा."

प्रधानजी महिन्यानं परतले ते काळेठिक्कर होऊन, अंगभर मुंग्या चावलेले. पण सांगायला बसले तर त्यांचं सांगणं संपेना.

पुढच्या उन्हाळ्यात करवंदवालीचा नातू फणसाच्या सावलीत झोळीत निजला होता. चितारी पाचोळ्यात मांडी घालून चित्र काढत होता. आणि त्याची ती झिजलेली केरसुणी वाडीतल्या अंगणात, जिथे झाडायला हवं तिथेच, झाडत होती.

बोध असा: न बघताच ज्याला आपण कचरा म्हणतो, आपण शोधत असलेलं बहुधा त्यातच बसलेलं असतं.