एकसष्टावी

"आणि साठावीच्या खाली कोण आहे?"

बागवान सरांनी एवढंच विचारलं, आणि हेमराज कासारचं बोलणं मधेच अडलं.

गेला अर्धा तास तो बोलतच होता. मिरजेच्या पॉलिटेक्निकमध्ये सरांनी त्याला डेटाबेस शिकवला, त्याला बारा वर्षं होऊन गेली. सर आता निवृत्त होऊन ओट्यावर गवार निवडत बसले होते. शेजारी हेमराज मांडीवर लॅपटॉप घेऊन आपली करामत दाखवत होता.

एका मुलींच्या वसतिगृहासाठी त्यानं प्रवेशाची यादी काढणारा प्रोग्रॅम लिहिला होता. अर्ज चारशे, त्यातून मार्कांप्रमाणे वरच्या साठ काढायच्या. 'लिमिट साठ' लिहा, 'टॉप साठ' लिहा, नाहीतर 'फेच फर्स्ट साठ' लिहा... कुठल्याही तऱ्हेनं सांगितलं तरी त्याच्या प्रोग्रॅमला कळायचं. इतरांचे प्रोग्रॅम एकाच तऱ्हेवर अडून बसतात, हे त्याचं तीनदा सांगून झालं होतं.

"खाली... ते नाही पाहिलं सर. साठच हव्या होत्या."

"पाहा."

हेमराजनं बोटं चालवली. पडद्यावर एकसष्टावं नाव आलं. सुवर्णा टेंगले, एक्क्याऐंशी पूर्णांक चाळीस टक्के.

"आणि साठावी?"

"अफसाना मुल्ला. एक्क्याऐंशी पूर्णांक..."

तो थांबला.

"चाळीस," सर म्हणाले. त्यांनी पडद्याकडे पाहिलंही नव्हतं.

बासष्टावीलाही तेवढेच होते. तेजल कोळेकर.

हेमराजनं बॅगेतून सोमवारी लावलेल्या यादीची प्रत काढली. त्यात साठावी तेजल होती. अफसानाचं नावच नव्हतं.

तो कागदाकडे पाहत राहिला, मग पडद्याकडे. अर्ज तेच होते, मार्क तेच होते आणि ओळही त्यानंच लिहिलेली होती.

"हे असं कसं झालं?" सरांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं. तरीही विचारलं.

"सोमवारनंतर ऑफिसनं काहींचे फोन नंबर दुरुस्त केले असतील. त्यानं नोंदी मागंपुढं होतात. मार्क सारखे असले, की मशीन जी आधी सापडेल ती उचलतं..."

"म्हणजे फोन नंबरावर प्रवेश झाला."

हेमराजनं यादीच्या कागदाची घडी घातली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"बरोबरीच्या सगळ्यांना सोबत घेणारा शब्द असतो. शिकवला होता मी."

"विथ टाइज. तोही चालतो सर माझ्या प्रोग्रॅममध्ये."

"मग?"

"...साठ हा आकडा चांगला दिसत होता."

सरांनी एक शेंग मोडली. दोरा ओढून बाजूला टाकला.

हेमराजनं वसतिगृहाच्या रेक्टर कमलताई पाटणकरांना फोन लावला. आणखी दोघींची सोय होईल का, एवढंच विचारलं.

"न व्हायला काय झालं?" ताई म्हणाल्या. "दरवर्षी बरोबरीच्या पोरी निघतात, आम्ही खाली दोन गाद्या टाकतो. यंदा मशीननं साठच दिल्या. म्हटलं, नवा नियम असेल. मशीनला कुठं विचारत बसायचं?"

त्यानं फोन ठेवला. आता दुसरा फोन करायचा होता. नंबर समोरच होता, तरी त्याला दाबायला वेळ लागला.

"वसतिगृहाच्या ऑफिसातून बोलतोय. सुवर्णा टेंगले?"

"व्हय सर, मीच." पलीकडे शेळ्या ओरडत होत्या. "यादी बघितली सर मी. सोमवारी आले होते जतवरनं. माझेच मार्क कमी पडले. तुम्ही कशाला फोन केला?"

"तुमचा प्रवेश झालाय. परवा सामान घेऊन या."

"कसं काय सर? कॉलेजला तर नाही म्हणून सांगून आले मी. रोज जाऊन येणं होत नाही इथनं."

"उद्या जाऊन हो म्हणा. एक... एक जागा रिकामी झाली."

त्यानं घाईनं फोन बंद केला, आणि सुटल्यासारखा श्वास सोडला.

"कुणाची जागा रिकामी झाली?" सरांनी विचारलं.

हेमराजची मान खाली गेली. ओट्याच्या फरशीवर एक मुंगी शेंगेचा तुकडा ओढत होती. तो तिच्याकडेच पाहत राहिला.

सरांनी गवारीची परात बाजूला सारली. हात लुंगीला पुसले. मग हेमराजनं उपडा ठेवलेला फोन उचलून त्याच्या तळहातावर ठेवला, आणि त्याची बोटं आपल्या हातानं मिटवली. लहान मुलाच्या हातात काही देऊन मूठ बंद करावी तशी.



हेमराजनं पुन्हा फोन लावला.

"सुवर्णाताई, मघाशी मी खोटं बोललो. मी ऑफिसातला नाही. यादीचा प्रोग्रॅम मी लिहिला. जागा रिकामी बिकामी काही झाली नाही. तुमचे मार्क साठाव्या मुलीएवढेच होते. कमी नव्हते. मी साठावर कापलं आणि खाली पाहिलंच नाही."



"मग मी घरी काय सांगू?" ती म्हणाली. "आप्पा दोन दिवस बोलत नाहीत माझ्याशी. म्हणतात, तू अभ्यास केला नाहीस. मी पण व्हय म्हणाले."

"त्यांना फोन द्या. मी बोलतो."

तिनं फोन दिला. हेमराज बोलला. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "तुमचं शिक्षण किती झालंय म्हणायचं?" त्यानं ते सांगितलं. मग अफसानाच्या घरी फोन केला, तिच्या आईपुढं तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून म्हणाला. ती माउली उलट त्याचेच आभार मानत राहिली. ते त्याला आप्पांच्या प्रश्नापेक्षा जड गेलं.

ऊन अंगणातून वर सरकलं होतं. सर पुन्हा गवार निवडत होते.

हेमराजनं लॅपटॉप उघडला. ती ओळ शोधली आणि तिच्या शेवटी बरोबरीच्यांना सोबत घेणारे ते दोन शब्द लिहिले. यादी चालवली. बासष्ट नावं आली. दहा वेळा चालवली, दहाही वेळा तीच बासष्ट.

त्यानं पडदा सरांकडे वळवला. डोळे मात्र वर उचलले नाहीत.

"आता तरी ओळ बरोबर झाली ना सर?"

सर पडद्याकडे पाहत राहिले.

"ओळ सोमवारीही बरोबरच होती. तू साठ म्हणालास, तिनं साठ दिल्या."