राजाच्या वहाणा सोडवणारी दुफ्ये

आपल्या इथली नाही बरं का ही गोष्ट. पार समुद्रापलीकडची, आफ्रिकेतली. तिथं लाल मातीच्या एका गावात, तुमच्या आज्यांच्या आज्याही जन्मल्या नव्हत्या तेव्हा, दुफ्ये नावाची एक बाई होऊन गेली. तिला सगळे नाना दुफ्ये म्हणत. हसू नका, तिकडे थोर बाईलाही नानाच म्हणतात. ती वाटेनं निघाली की कोंबड्यासुद्धा बाजूला होऊन उभ्या राहत, असं म्हणतात.

आधी त्या गावाची रीत ऐका, म्हणजे पुढचं कळेल. गावाला राजा होता. पण राजा कोण व्हावा, हे सुचवायचं राजघराण्यातल्या सगळ्यांत वडील बाईनं. तिकडे गादी बापाकडून येत नाही, आईकडून येते. बाई नाव सुचवणार, पंच त्यावर डोकं खाजवणार, गाव हो म्हणणार, मग तो आसनावर बसणार. बसला म्हणून मनाला येईल तसं वागायची सोय नव्हती. सभेत आधी पंच बोलत, राजा सगळ्यांत शेवटी. आणि राजाच्या पायांत कायम वहाणा. भर सभेत त्याचा उघडा तळवा जमिनीला टेकला की राजेपण तिथंच संपलं. राजा फारच चेकाळला, तर ज्या बाईनं त्याला बसवलं तिनंच गावासमोर त्याच्या वहाणा काढायच्या. दुसऱ्या कुणी त्या काढायच्या नाहीत, वाद्यांना सुरी लावायची नाही, आणि तिचा हातही कुणी धरायचा नाही.

दुफ्येनं बसवलं ते बादूला. बादू तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण बाळंतपणात गेली आणि ते लेकरू दुफ्येनं पाठीशी बांधून वाढवलं. शेतात कंद खणताना, बाजारात, पंचांच्या सभेत, बादू आपला तिच्या पाठीवर. तो आसनावर बसला त्या दिवशी त्याच्या पायांत वहाणा घालताना तिच्या डोळ्यांसमोर बहीण उभी राहिली.

पहिली काही वर्षं बरी गेली. मग बादूच्या डोक्यात हवा गेली. एका साली वाळवंटाकडून कोरडा वारा सुटला तो थांबेचना. नदी आटली, विहिरी आटल्या, डोंगराखालचा एक झरा तेवढा वाहत राहिला. बादूनं त्यावर भालेवाले बसवले आणि मर्जीतल्यांनाच पाणी देऊ लागला. सभेत आम्पोफो उठला, पंचांतला सगळ्यांत म्हातारा. "राजा," तो म्हणाला, "झरा सगळ्या आळ्यांना सोड." बाकीचे पंच बोलायचेच होते, पण बादू आधीच कडाडला, "आम्पोफोच्या आळीला आजपासून थेंब मिळणार नाही!" सभेला धक्काच बसला. पंचांचं बोलून व्हायच्या आधी राजा बोलला, असं त्या गावात कधी घडलं नव्हतं.

बायका रिकामी मडकी घेऊन परतू लागल्या. लेकरांच्या जिभा सुजल्या. तेव्हा दुफ्ये तरातरा बादूकडे गेली.

"बादू, अरे झरा काय तुझ्या बापाचा आहे?"

"मावशी, तुझं वय झालं," तो म्हणाला. "घरी बस, सूत कात."

त्याची नजर आपल्या वहाणांकडे गेलेली तिनं पाहिली. दोघांनाही एकमेकांच्या मनातलं कळलं.

बादूनं काय करावं? त्यानं चांभाराला बोलावलं. बैलाच्या कातड्याच्या वाद्या भिजवून घेतल्या आणि वहाणा पावलांना, घोट्यांना, पार पोटरीपर्यंत आवळून घेतल्या. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. वाद्या उन्हात सुकल्या आणि दगडासारख्या झाल्या. आता तो झोपायचा वहाणा घालून, उठायचा वहाणा घालून. पाय सुजले, चालताना कळा यायच्या, पण गडी खूश! मावशीचा हात धरता येत नाही ना, मग गाठी तर मारता येतात, असा त्याचा हिशेब.

आम्पोफोच्या आळीत एक लेकरू पाण्याविना गेलं. मग पंच दुफ्येच्या दारात आले आणि खाली मान घालून उभे राहिले. काय बोलणार? आपल्या हातानं वाढवलेलं पोर आपल्याच हातानं खाली उतरव, हे कुणी कुणाला कसं सांगावं? दुफ्येचं काळीज फाटलं. पण ती उठली.

सावरीच्या मोठ्या झाडाखाली सगळा गाव जमला. बादू आसनावर, भोवती भालेवाले. दुफ्ये काठी टेकत आली, त्याच्या पायांशी बसली आणि पहिल्या गाठीला नखं लावली. भालेवाल्यांनी माना फिरवल्या. नखं तुटली, बोटांतून रक्त आलं, गाठ काही हलेना.

बादू हसला. "मावशी, दमलीस की गं."

दुफ्येनं वर पाहिलं. "तुला पाठीवरून उतरवताना मी एक गाठ सोडायचे, राजा," ती म्हणाली. "एकच." आणि मग ती रडली. गावानं तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं.

आसवं गाठीवर पडली. आणि मग, असं म्हणतात, माती ओली झाली. आधी वाटलं, तिची आसवंच असतील. पण ओल पसरत गेली, लोकांच्या पायांना गार लागलं आणि आसनाखालून पाणी वर आलं. डोंगराखालचा कोंडलेला झरा जमिनीच्या पोटातून वाट काढत सभेला आला होता! पाणी बादूच्या पोटऱ्यांपर्यंत चढलं. सुकल्या वाद्या पाणी प्यायल्या, मऊ झाल्या, सैल पडल्या. दुफ्येनं दोन्ही वहाणा अलगद ओढून काढल्या. बादूचे सुजलेले, पांढरे पडलेले पाय चिखलात टेकले.

इथं रीत संपली होती. दुफ्येनं घरी जावं आणि नवं नाव सुचवावं, इतकंच उरलं होतं. पण तिनं खाली वाकून स्वतःच्या वहाणा काढल्या आणि त्याच्या वहाणांशेजारी ठेवल्या.

आम्पोफो कळवळून म्हणाला, "नाना, तुम्ही का? तुमचा काय दोष?"

"निवड कुणाची होती?" दुफ्ये म्हणाली.

तिनं बादूचा हात धरला. एवढा थोरला बाप्या लहान पोरासारखा हुंदके देत तिच्यामागून निघाला. काट्याकुट्यांच्या वाटेनं दोघं अनवाणी डोंगराकडे गेली, आणि तिचं पाऊल पडेल तिथं पाणी साचत गेलं, असं म्हणतात. पुन्हा ती दोघं कुणाला दिसली नाहीत.

तेव्हापासून त्या गावात राजा निवडणारी बाई त्याला वहाणा घालते आणि आपल्या काढून ठेवते. तो आसनावर असेपर्यंत ती अनवाणी हिंडते, शेतात, बाजारात, उन्हातान्हात. म्हणून तिथला राजा रोज सकाळी स्वतः खराटा घेऊन गावच्या वाटा झाडतो आणि काटे वेचतो. आणि कधी तिच्या पायात काटा रुतलाच, तर पंच सावरीखाली जमतात, काटा मधोमध ठेवतात, आणि राजाला उभं राहून उत्तर द्यावं लागतं.