तुळसाचं रंगीत पाखरू

डोंगराच्या कुशीत, झुळझुळत्या ओढ्याच्या काठी खेळणवाडी नावाचं एक इवलंसं गाव होतं. तिथं घरोघरी लाकडाची खेळणी बनत. पिटुकल्या बैलगाड्या, लालचुटूक आंबे, हिरवेगार पोपट. ओल्या रंगाची खेळणी अंगणाअंगणात उन्हाला मांडलेली असायची आणि सगळं गाव इंद्रधनुष्य सांडल्यासारखं दिसायचं.

फक्त ओढ्याजवळच्या शेवटच्या घराचं अंगण रिकामं असायचं. त्या घरात तुळसा राहायची.

तुळसा लग्न होऊन आली तेव्हा तिचा नवरा सावळा गावातला सगळ्यात गुणी कारागीर होता. त्यानं लाकडाचं हरीण केलं, तर ते आता टुणकन उडी मारेल असं वाटायचं. काम करताना तो गाणी म्हणायचा, तुळसाला हसवायचा. तुळसाचा त्याच्यावर फार फार जीव होता.

पण सावळाला दारूची सवय लागली. आधी सणासुदीला, मग बाजाराच्या दिवशी, मग रोजच. त्याचे हात थरथरू लागले. हरणांचे पाय वाकडे होऊ लागले. दिवेलागणीला तो झोकांड्या खात घरी यायचा, कधी रडायचा, कधी भांडी भिरकावायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपून जायचा. सकाळी म्हणायचा, "तुळसे, आजपासून नाही हं." आणि तुळसा रोज त्याच्यावर विश्वास ठेवायची.

ती कुणाला काही सांगत नसे. लोक त्याला नावं ठेवतील म्हणून तिनं पाणवठ्यावर गप्पा मारणं सोडलं, हळदीकुंकवाला जाणं सोडलं. त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची आणि एकटीच जेवायची. घर इतकं गप्प असायचं, की चुलीतलं लाकूड तडकलं तरी ती दचकायची.

एका सकाळी तुळसा रानात सरपण गोळा करायला गेली. रानात पांगारा फुलला होता. झाडाला पान नव्हतं, नुसती लाल लाल फुलं, जणू झाडानं भरजरी शालू नेसला होता. एवढ्यात अगदी बारीक आवाज आला, "आई गं!"

तुळसानं पाहिलं. पांगाऱ्याच्या काट्यांत बोटाएवढी परी अडकली होती! फुलपाखरासारखे तिचे पंख होते आणि झग्यावर दवाचे थेंब चमचमत होते. तुळसानं एकेक काटा हलकेच बाजूला केला. बोटांतून रक्त आलं, पण पंखाला तिनं धक्का लागू दिला नाही.

परी भुर्रकन उडाली आणि सोनेरी धूळ उडवत तिच्यासमोर तरंगू लागली. "किती गं मऊ हात तुझे! माग, काय हवंय तुला?"

तुळसा घाईघाईनं म्हणाली, "माझ्या नवऱ्याची दारू सुटू दे!"

परीचा चेहरा उतरला. "ते माझ्या हातात नाही गं, बाळ. दुसऱ्याच्या मनावर माझी जादू चालत नाही. तुझ्यासाठी काहीतरी माग."

तुळसा गोंधळली. स्वतःसाठी काय मागायचं, हेच ती विसरून गेली होती. मग ती हळूच म्हणाली, "घरात कुणीतरी माझ्याशी बोलावं."

परीनं एक फूल खुडून त्यावर फुंकर मारली. फुलाचं झालं पाखरू! निळे पंख, हिरवी मान, पिवळंधमक पोट आणि शेपटीवर जांभळी झालर.

"पण एक नियम आहे," परी म्हणाली. "तुझ्या तोंडून खोटं निघालं, की याचा एक रंग जाईल. सगळे रंग गेले की हे मुकं होईल." आणि ती लाल फुलांत दिसेनाशी झाली.

पाखरू कोनाड्यात राहू लागलं. तुळसा भाकरी थापायला बसली, की ते विचारायचं, "तुळसाताई, आज कसं वाटतंय?" तिला इतकं बरं वाटायचं, की डोळे भरून यायचे.

मग एके दिवशी व्यापारी खेळणी न्यायला आला. सावळा आत पडून होता. तुळसा पटकन म्हणाली, "त्यांना ताप आलाय." पाखराचे निळे पंख राखाडी झाले.

शेजारच्या अनसूयाकाकीनं विचारलं, "काल कसला गं आवाज झाला?" तुळसा म्हणाली, "मांजरानं भांडी पाडली." हिरवी मान राखाडी झाली.

माहेरचा माणूस आला. त्याच्याबरोबर तिनं आईला निरोप धाडला, "मी अगदी सुखात आहे म्हणावं." पिवळं पोट विझलं. सावळा मात्र त्या संध्याकाळीही झोकांड्या खातच आला. तुळसानं कोनाड्याकडे न बघता पुटपुटत स्वतःलाच समजावलं, "उद्या ते नक्की सोडतील." जांभळी झालरही गेली. राखेच्या रंगाचं पाखरू मुकाट बसून राहिलं.

"बोल ना रे," तुळसा म्हणाली. ते बोललं नाही. पूर्वीपेक्षाही घर सुनं झालं. आता एकटेपणा तिला स्पष्ट दिसत होता, समोर बसल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी अनसूयाकाकी वाटीभर आमटी घेऊन दारात आली. "तुळसे, बरी आहेस ना गं?"

"हो" हा शब्द तुळसाच्या ओठांवर आला होता. तिनं तो गिळला.

"नाही, काकी. हे दारू पितात. रोज पितात. माझा त्यांच्यावर जीव आहे आणि मला फार एकटं वाटतं."

काकी उंबऱ्यातच बसली आणि तिनं तुळसाला जवळ घेतलं. "ठाऊक होतं गं, पोरी. तुझी माझी भिंत एकच आहे. पण तू सांगेपर्यंत मी कसं बोलणार?" तुळसा खूप रडली. कोनाड्यात एक निळं पीस लखकन चमकलं.

सावळाला हे कळलं तेव्हा तो संतापला. "लोकांत माझी अब्रू घालवलीस!"

तुळसा म्हणाली, "अहो, आजारी पडलात तर मी उशाशी बसेन. पण ताप आलाय असं आता कुणाला सांगणार नाही. मला तुम्ही हवे आहात. हे असं जगणं नकोय. भांडी भिरकावलीत, तर मी काकीकडे जाऊन झोपेन."

एकदा त्यानं भिरकावलीच. तुळसा पाखराला ओंजळीत घेऊन खरोखरच काकीकडे निघून गेली. सकाळी परत आली, तर सावळा विखुरलेल्या भांड्यांत गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"तुळसे," तो पुटपुटला, "आजपासून नाही, असं मी रोज म्हणतो. पण मला थांबताच येत नाही गं. मला भीती वाटते."

आजवर त्यानं दिलेल्या सगळ्या वचनांपेक्षा तुळसाला हे बोलणं जवळचं वाटलं. ती त्याच्याशेजारी बसली. मग काकीच्या नवऱ्यानं, नारूकाकांनी, सावळाला ओढ्यापलीकडच्या वैद्यांकडे नेलं. तिथं त्याचं अंग थरथरलं, उलट्या झाल्या, रात्र रात्र झोप लागेना. तो बरा होऊन आला आणि बाजाराच्या दिवशी पुन्हा पिऊन आला. तुळसानं ते लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी तो मान खाली घालून, पण स्वतःच्या पायांनी वैद्यांकडे परत गेला.

तो तिकडे असताना तुळसा अंगणात बसून बैलगाड्या रंगवू लागली. खरं बोलता बोलता एकेक रंग परत येऊन पाखरू आता सगळ्या रंगांत लखलखत होतं आणि दिवसभर किलबिलत होतं. त्याचा आवाज ऐकून गावातल्या बाया थांबायच्या. कुणी म्हणायची, "माझ्या घरीही हेच आहे गं." कुणी नुसतीच बसायची.

एका सोनेरी संध्याकाळी परी आली. "तुळसे, जे खरं बोलणं सगळ्यात कठीण होतं, ते तू बोललीस. आणखी एक माग. आता तरी नवऱ्यासाठी मागणार नाहीस ना?"

तुळसा हसली. "त्यांचं ते बघताहेत. कधी जमतं, कधी नाही. मला अंगणात मोठ्ठी ओसरी हवी. बाया उन्हात बसतात."

परीनं टाळी वाजवली. अंगणात ऐसपैस ओसरी उभी राहिली, तिच्या खांबांवर जाईजुईचे वेल चढले आणि पांढऱ्या कळ्या पटापट उमलल्या. मग परी गिरकी घेत वर वर गेली. लाल, केशरी, सोनेरी उजेड झाला, सगळं रान उजळलं आणि त्या उजेडात ती विरघळून गेली.

तुळसा डोळे मिटून ओसरीवर बसली होती. फाटकाची कडी वाजली. गावात नुकतीच लग्न होऊन आलेली, डोळे सुजलेली एक मुलगी उभी होती.

"मी इथं थोडी बसू का?" तिनं विचारलं.

तुळसानं थोडं बाजूला सरकून तिच्यासाठी जागा केली.