भिमाप्पाची भट्टी आणि रुसलेली नाचणी

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं, आणि त्या गावात भिमाप्पा नावाचा एक भट्टीवाला होता. माणूस अंगाने आडवा आणि बोलायला त्याहून आडवा. पण हाताला चव अशी की विचारू नका! त्याचे पाव उशीसारखे मऊ. सकाळी भट्टीतून वास सुटला की देवळातल्या पुजाऱ्याचंसुद्धा मंत्रावरून लक्ष उडायचं.

भिमाप्पाचा सारा जीव मैद्यावर. घाटावरच्या पेठेतून बैलगाडीने मैद्याची पोती आली की हा पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि म्हणायचा, "पीठ असावं तर असं! मळलं की मळतं, फूग म्हटलं की फुगतं. उलट उत्तर नाही." ज्वारी, नाचणी, खपली गहू यांना तो खिजगणतीतही धरत नसे. "ती चुलीवरची पिठं," तो म्हणे, "त्यांनी चुलीपाशीच नांदावं. भट्टीच्या उंबऱ्याला त्यांचं काय काम?"

त्या गावात एक रीत होती. दिवाळी जवळ आली की बायका घरचं तूप, साखर आणि भिमाप्पाकडूनच नेलेला मैदा घेऊन भट्टीवर यायच्या. तिथे बसून नानकटाई वळायच्या, आणि भिमाप्पा एकेकीचं ताट भट्टीत सरकवायचा. ताटं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणी नानकटाईवर बोटाने खळगा करी, कुणी चारोळी लावी, कुणी काडीने फुली मारी. पाटलीणबाईंचं ताट सगळ्यांत आधी, हा मानही ठरलेला.

एका दिवाळीत त्या रांगेत डोंगरावरच्या वाडीतली ठकूआजी येऊन बसली. वाडीत पिकतं ते नाचणी आणि खपली, दुसरं काही नाही. आजीने नाचणीचं पीठ, घरचं तूप आणि गूळ आणला होता. नानकटाई वळून तिने प्रत्येकीवर दोन बोटं टेकवली आणि ताट पुढे केलं.

भिमाप्पाने ताटात पाहिलं आणि तो खो खो हसत सुटला. "आजी, ह्या नानकटाया आहेत की शेणी? अगं, ही भट्टी आहे. माझी पांढरी ताटं काळवंडतील ना!" सगळ्या बायका हसल्या. आजीने ताटावर फडकं झाकलं, "बरं बाबा," म्हणाली आणि डोंगर चढून परत गेली.

पुढच्या उन्हाळ्यात भिमाप्पाच्या एकुलत्या एका लेकीचं, मंजुळाचं लग्न झालं. तिचे सासरे दौलतराव खाडीकाठच्या गावचे मोठी असामी. माणूस मनाने चांगला, पण जीभ म्हणजे कातर. मांडवात भिमाप्पा छाती फुगवून त्यांना म्हणाला, "व्याहीबुवा, दिवाळसणाला अख्ख्या गोतावळ्याला घेऊन या! अशी पांढरीशुभ्र नानकटाई खाऊ घालतो की चांदणं चाखल्यासारखं वाटेल."

"येतो की," दौलतराव हसले. "फक्त भट्टी पेटलेली असू द्या. नाहीतर नुसतं तोंडच पेटलेलं असायचं!"

झालं. मंजुळाला सासरी ऊठसूट हेच ऐकावं लागे. नणंद म्हणे, जाऊ म्हणे, "येऊ दे दिवाळी, बघू तुझ्या बाबांचं चांदणं." पोरगी माहेरी निरोप धाडायची, "बाबा, माझी मान खाली जाऊ देऊ नका." भिमाप्पा निरोप्याला सांगायचा, "तिला म्हणावं, तुझा बाप अजून जिवंत आहे!"

पण दिवाळी तोंडावर आली, परतीचा पाऊस घाटावर तुटून पडला आणि अर्धा घाट खाली आला. वाट बंद. मैद्याच्या गाड्या पलीकडे अडकल्या. भट्टीत पोत्याच्या तळाला मैदा उरला होता तो मुंगीच्या बारशालाही पुरला नसता. इकडे खाडीकडची वाट मात्र लख्ख मोकळी. व्याही येणार ते येणारच!

भिमाप्पाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने गावभर मैदा मागितला. कुणाकडे असणार? सगळे तर त्याच्याकडूनच नेत. शेवटी त्याची बायको येसूबाई म्हणाली, "अहो, गावात मैदा नाही, पण धान्य आहे ना? नाचणी आहे, खपली आहे. त्याचं करा."

नाइलाजाने भिमाप्पाने नाचणीचं पीठ परातीत ओतलं. मैद्यावर दाखवायचा तो सगळा इंगा त्याने नाचणीवर दाखवला. गार पाण्यात मळली, तिंबली, आपटली. मग आंबवण घालून झाकली आणि फुगायची वाट बघत बसला. नाचणी कसली फुगते! ती आपली डबक्यातल्या म्हशीसारखी ढिम्म बसून राहिली. तसेच गोळे त्याने भट्टीत ढकलले. बाहेर आले ते दगड. एक अंगणात टाकला, तर कावळ्याने एकदा चोच मारली आणि पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही.

"नालायक पीठ!" भिमाप्पा परातीवर ओरडला. "अंगात गुणच नाही!"

येसूबाईला हसू आवरेना. "परातीला कशाला शिव्या घालता? नाचणीला तुम्ही मैदा व्हायला सांगताय. ती कशी होईल? रुसलीय ती तुमच्यावर."

"मग तूच काढ तिचा रुसवा!"

"मला भाकरी येते, पण नानकटाई नाही येत. जिला येते तिला तुम्ही ताटासकट परत धाडलंत."

भिमाप्पाने परात बाजूला सारली. गाव हसेल, ते एक वेळ चाललं असतं. पण ज्या म्हातारीला चार बायकांत हसलो, तिच्यापुढे आता हात जोडायचे? त्यापेक्षा आजारी पडल्याचं सोंग घ्यावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. मग डोळ्यांपुढे मंजुळा आली, मान खाली घालून उभी. त्याने पागोटं डोक्यावर ठेवलं आणि डोंगर चढायला लागला.

ठकूआजी अंगणात नाचणी पाखडत होती. भिमाप्पा समोर उभा राहिला आणि म्हणाला, "सहज आलो होतो. लाकडं बघायला."

"लाकडं रानात असतात. हे अंगण आहे," आजी सूप न थांबवता म्हणाली.

"तुझ्या कोंबड्या छान दिसतात गं."

"त्या विकायच्या नाहीत."

आता मात्र भिमाप्पाचा धीर सुटला. तो मटकन खाली बसला. "आजी, चुकलो मी. तुझ्या ताटाला हसलो. अन्नाला हसलो. आता माझ्या पोरीची लाज जायची वेळ आलीय. मला शिकव."

आजीने सूप खाली ठेवलं. त्याच्याकडे नीट पाहिलं. "त्या दिवशी मी घरी जाऊन रडले होते रे," ती म्हणाली. "नातवंडांना सांगितलं होतं, यंदा भट्टीची नानकटाई आणते. त्यांना काय सांगू ते कळेना."

भिमाप्पाला मान वर करवेना. त्याचे डोळे भरून आले. तशी आजीच म्हणाली, "ऊठ. शिकवते. पण एक अट आहे. यंदा माझं ताट सगळ्यांच्या आधी."

"पाटलीणबाईंच्याही आधी?"

"त्यांच्याही आधी!"

"कबूल," भिमाप्पा म्हणाला. आजी पिठाचं गाठोडं घेऊन त्याच्याबरोबर डोंगर उतरली.

मग त्या भट्टीवर काय मजा सुरू झाली म्हणून सांगू! आजीने आधी नाचणीचं पीठ मंद आचेवर खमंग भाजायला लावलं. कोमट असतानाच तूप-गूळ फेसून त्यात घातला. भिमाप्पाने सवयीने मूठ आवळली, तशी तिने त्याच्या हातावर चापट मारली. "अरे, कुस्ती खेळतोस का? हिला तिंबायचं नसतं. नुसतं गोळा करायचं, लहान पोराचे केस सावरतो तसं." खपली गव्हाच्या पिठाला तिने थोडं थोडं पाणी पाजलं आणि मुरायला ठेवून दिलं. "हिला घाई खपत नाही. तिचं तिला मुरू दे."

पण भट्टीची धग आजीला कुठे ठाऊक? पहिलं ताट आत गेलं आणि सगळ्या नानकटाया वितळून एकच मोठं धिरडं झालं. आजी खट्टू झाली. आता भिमाप्पा पुढे सरसावला. "आजी, पीठ तुझं, आग माझी. भट्टी तापली आहे मैद्याच्या मानाने. आधी खपलीचे पाव भाजून काढू. धग उतरली की मग तुझी नाचणी आत जाईल." त्याने भट्टीच्या तोंडाशी हात धरून धग पाहिली, निखारे बाजूला ओढले आणि नेमक्या वेळी ताट सरकवलं.

जरा वेळाने असा वास सुटला की समोरच्या घरातली माणसं जेवण सोडून दारात आली. नानकटाया विटकरी रंगाच्या, अंगावर बारीक भेगा पडलेल्या, आणि जिभेवर ठेवताच विरघळणाऱ्या. खपलीचे पाव बेताचेच फुगले होते, पण तोडल्यावर आतून गोडसर वाफ निघत होती. भिमाप्पाने एक घास खाल्ला आणि दोन्ही हातांनी आजीचे पाय धरले. मग गावातल्या बायकाही नाचणीची ताटं घेऊन आल्या, आणि ठरल्याप्रमाणे आजीचं ताट पहिलं भाजलं. पाटलीणबाईंनी नाक मुरडलं खरं, पण एक नानकटाई खाऊन दुसरी मागितली.

दिवाळसणाचा दिवस उजाडला. दौलतराव गोतावळा घेऊन हजर झाले. पाटावर बसल्या बसल्या त्यांनी समोरच्या ताटाकडे पाहिलं आणि त्यांची कातर चालू झाली. "काय हो भिमाप्पा? चांदणं म्हणाला होतात. हे तर ग्रहण दिसतंय! करपल्या की काय?"

पंगतीत हशा पिकला. मंजुळाने मान खाली घातली. भिमाप्पाला वाटलं, म्हणावं की ही परदेशी तऱ्हा आहे, राजवाड्यात असंच खातात. कुणाला कळणार होतं? शब्द अगदी ओठांवर आले. पण दाराशी ठकूआजी उभी होती.

"करपल्या नाहीत, व्याहीबुवा," तो म्हणाला. "त्यांचा रंगच तो आहे. नाचणी आहे ही, आमच्या डोंगरावरची. मैदा आला नाही, माझी बढाई फुकट गेली. हे मला ह्या ठकूआजीने शिकवलं. गेल्या वर्षी मी हिला हसून परत पाठवलं होतं. ये आजी, पाटावर बस."

दौलतरावांनी एक नानकटाई उचलली, तोंडात टाकली. दुसरी घेतली. मग तिसरी. आणि त्यांचा आवाज एकदम ओला झाला.

"मी वाढलो तो नाचणीवर," ते म्हणाले. "आई आंबील द्यायची म्हणून आम्ही जगलो. चार पैसे आले, तसं घरात नाचणी आणायची बंद केली. लोक काय म्हणतील म्हणून. आई जायच्या आधी एकदा म्हणाली होती, थोडी नाचणी कर रे. मी तिला शिरा करून घातला." त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि मंजुळाकडे वळले. "सूनबाई, मान वर कर. तुझ्या बापाने चांदण्यापेक्षा मोठी गोष्ट खाऊ घातली. आणि हे ताट इकडे सरकव. तुझ्या नवऱ्याच्या हाती लागलं तर मला काही उरायचं नाही!"

मग काय हसणं, काय खिदळणं! मंजुळा तर हसता हसता रडायला लागली. विहीणबाईंनी हळूच चार नानकटाया पदरात बांधल्या, त्या सगळ्यांनी पाहिल्या आणि कुणीच पाहिल्या नाहीत.

घाट मोकळा झाला, मैदा पुन्हा आला. पाव पुन्हा उशीसारखे फुगू लागले. पण त्यांच्या शेजारी खपलीचे बसके पाव आणि नाचणीच्या नानकटायाही मानाने मांडलेल्या असत. कुणी नवं पीठ घेऊन आलं की भिमाप्पा आधी ते चिमटीत घेऊन हुंगायचा आणि आणणाऱ्या बाईलाच विचारायचा, "ह्याला काय आवडतं गं? गरम पाणी की गार?"

तात्पर्य: आपल्या साच्यात बसत नाही म्हणून कुणाला नालायक म्हणू नये. धान्य असो वा माणूस, त्याच्या कलाने घेतलं आणि चुकलो तिथे चुकलो म्हटलं, तर त्याचा गुण आपल्याच ताटात पडतो.